ङ कशाचा

धंतोलीत, जिन्याखालच्या खोलीत
मी दुसऱ्यांचे दात बनवतो.
मे महिना. कूलरचं पाणी संपलं
आणि मेण हातातच मऊ होऊन राहिलं.
फळीवर ओळीने प्लास्टरचे जबडे,
प्रत्येकावर पेन्सिलीने नाव आणि वार.

पौर्णिमा कोपऱ्यात बसून कोरियन शिकते.
बुटीबोरीच्या कुठल्याशा कंपनीत दुभाषी लागतात म्हणे.
"बाबा, यांची अक्षरं तुमच्या कामाची आहेत."
माझ्याच सुरीने, माझ्याच मेणाच्या पट्टीवर
तिने एक काटकोन ओढला.
"हा क. जीभ मागे उचलून घसा अडवते न, तशी."
तोच काटकोन उलटा: "हा न. टोक हिरडीला."
चौकोन म्हणजे तोंड, म.
दोन तिरप्या रेघा, वर जुळलेल्या:
"हा दात. म्हणजे स."
श्वास जोरात सोडायचा तर
काटकोनाला आणखी एक काडी,
क चा झाला ख.

चाळीस वर्षं मी तोंडांचे साचे घेतो.
साचा वाचताही येतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी त्यांच्याकडे चिनी अक्षरं होती, हजारो.
ज्याला दिवसभर काम, त्याने शिकायची कधी?
मग पावणेसहाशे वर्षांपूर्वी एका राजाच्या मनात आलं
की तोंडात वाकून पाहावं.
दरबारातले पंडित चिडले.
लिहिणं इतकं सोपं असतं का कुठे!
ते चिनीतच लिहीत राहिले
आणि ही अक्षरं चुलीपाशी गेली,
माहेरच्या पत्रांत गेली,
बायकी म्हणून हिणवली गेली.
तिथेच जगली असतील.
पुढे परक्यांचं राज्य आलं,
तेव्हा शाळेत आपल्या भाषेत बोललं तर मार.

"क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच,"
ती म्हणाली, "आणि मोठ्यांसमोर वाकतं."

इतक्यात गोन्नाडे मास्तर ट्रायलला आले.
मेणातले दात बसवून मी म्हटलं, "सहासष्ट म्हणा."
"शहाशष्ट."
परवा नुसत्या हिरड्यांनी ते हहाहट म्हणाले होते.
पुढचा दात अजून जाड आहे, घासावा लागेल.

पट्टीवर आता एक गोल होता.
"हे काय, पूज्य का?"
"घसा आहे, सर.
शब्दाच्या सुरुवातीला आला तर मुका,
स्वराला बसायला नुसता पाट.
शेवटी आला तर ङ."

मास्तरांनी चष्मा काढला.
पस्तीस वर्षं पहिलीचा वर्ग.
क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा, घ घराचा,
आणि पाचव्या चौकोनात काहीच नाही.
"दर साली एखादं पोट्टं विचारायचंच,
सर, ङ कशाचा?
मी म्हणायचो, कशाचाच नाही, पुढे चल.
एका पोरीने त्या चौकोनात
स्वतःचं चित्र काढलं होतं, रिबिनीसकट.
पुस्तक खराब केलं म्हणून
मी मारलं तिला."

कूलर नुसताच फिरत होता.

"यांच्यात नदीला गाङ म्हणतात, सर,"
पौर्णिमा हळूच म्हणाली. "शेवटी हा गोल."

मास्तरांनी दोन बोटांनी दात काढले,
वाटीतल्या पाण्यात ठेवले
आणि पोकळ तोंडाने म्हटलं:
गाङ.
स्वच्छ. एकदम स्वच्छ.
त्याला दात लागतच नाहीत.
पुन्हा म्हटलं. मागे पुलाखालून नाग नदी
आपलं काळं पाणी घेऊन चाललेली,
तिच्याकडे तोंड करून आणखी एकदा.

मग उठले. चपला शोधल्या.
"आडनाव निमजे होतं तिचं. का निखारे?
नाव काही केल्या आठवत नाही."
"दात गुरुवारी मिळतील," मी म्हटलं.
"मिळू दे सावकाश," मास्तर म्हणाले,
आणि जिन्याखालून वाकून
उन्हात गेले.