नमुना सतरा

सातपूरला कुरियरवाल्यानं डबा टेकवला.
मासळी आहे का मॅडम, गळतंय.
बर्फाचं पाणी होतं. आत बाटलीत
चमचाभर शेण,
स्पितीच्या कुठल्याशा वस्तीवरून
चार दिवस उतरत उतरत
गोदेच्या काठाला आलेलं.

चिठ्ठीवर: याक, मादी, सहा वर्षं.
आठ दिवस पातळ. चरत नाही. रक्त.
आणि कोपऱ्यात, फॉर्मात तशी जागा नसताना,
पेन्सिलीनं: कारमो.

याक मी पाहिलेला नाही.
केस जमिनीला टेकतात म्हणे,
आणि आपला उन्हाळा त्याला एक दिवसही सोसायचा नाही.
मला माहीत आहे ती आईची पारडी,
वडांगळीच्या गोठ्यात,
शेपटीपासून खुरापर्यंत हगवणीनं माखलेली.
आईनं कान चाचपले. गार.
मग बेलाचा गर, ताक,
डाळिंबाची साल उकळून,
आणि पहाटे कुणाशी न बोलता
मोकळं दावं खुंटीला गुंडाळून ठेवलं.

कारमोचे जंतू मी बशीत रेघोट्या ओढून पसरले,
पेटी लावली सदतीस अंशांवर.
बाहेर नाशकात एकोणचाळीस.
सकाळी गुलाबी ठिपके.
द्राक्षाच्या घडासारखे म्हणणार होते,
पण नको. ठिपकेच होते. गच्च.

औषधाच्या सहा टिकल्या ठेवल्या.
चारींना खेटून ते बिनधास्त वाढले,
ओळखीच्या अंगणात बसावं तसे.
दोघींनीच काय ते
आपल्याभोवतीचं रिंगण राखलं.

रिपोर्ट टाइप करत होते, तेव्हा फोन.
पलीकडचा डॉक्टर थांबत थांबत हिंदी बोलत होता.
कारमो परवाच गेली.
म्हणजे मी बशी उघडली
तेव्हा ती नव्हती,
आणि तिच्या पोटातलं हे बिऱ्हाड
माझ्याकडे उबेत नांदत होतं.

कळपात अजून किती?
अकरा. तीन वासरं.
एकाला कालपासून लागली आहे.

दोन्ही औषधांची नावं सांगितली,
अक्षर अक्षर सुटं करून.
त्यानं म्हणून दाखवली, एक चुकलं,
परत म्हटलं.
पाणी सगळी एकाच डोणीत पितात का?
तो हो म्हणाला असावा.
त्याच्या बाजूला वारा फार होता.

बशा ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या,
वाफ सुटेपर्यंत तिथेच उभी राहिले.
हात दोनदा धुतले.
रजिस्टरात सतराच्या ओळीला
नावाचा रकाना नाही.
मीही पेन्सिलच घेतली.