बिजागरी

प्रॉबर्ट म्हणाला, या ॲशवर कुणी चढायचं नाही.
मेलेलं लाकूड सांगत नाही कधी मोडणार ते.
जिवंत फांदी आधी कुरकुरते, वाकते, वेळ देते;
ही तुटते एकदम,
बोलता बोलता फोन कट व्हावा तशी.

म्हणून लेडबरीबाहेरच्या त्या अरुंद गल्लीत
सकाळी आठला क्रेन आली.
चार पाय पसरून बसली,
प्रत्येक पायाखाली एकेक पाट,
जणू पंगतीला.
टॅम्झिननं दोन्ही टोकांना लाल फलक लावले,
शाळेची व्हॅन हात जोडून परत पाठवली.
मी विजेच्या तारेपर्यंतचं अंतर मोजलं.
आधी दोनदा मोजलं होतं. तरीही.

हेल्मेट, तोंडावर जाळी, कानांवर वाट्या.
आणि जाड पँट, जिच्या आत धाग्यांचे थर असतात:
साखळी मांडीला लागलीच, तर तेच धागे
तिच्या दातांत गुंततात, तिला गप्प करतात.
आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
म्हणजे गोधडीच की.

वरून लोखंडी पंजा यायचा, फांदी धरायचा,
मग पंजातलीच करवत फिरायची
आणि फांदी खाली न पडता
कौलांवरून आडवी तरंगत जायची,
रुसलेलं पोर काखेत मारून न्यावं तशी.

मग पलीकडचे मिस्टर हॅस्किट आले, कुत्र्यासकट.
पट्टीबाहेर उभे राहून म्हणाले,
एक तुकडा ठेवा, कुऱ्हाडीला दांडा करीन.
इकडे दांडे ॲशचेच करतात, पूर्वीपासून.
मला आपली म्हण आठवली,
गोतास काळ झालेल्या दांड्याची.
पण याचा काळ कुणी भाऊबंद नव्हता.
पानांतून शिरलेली एक बुरशी,
सहा उन्हाळे, बिनआवाजाची.
प्रॉबर्टनं बोटाएवढी काटकी उचलून मोडली.
कट्‌कन. पापडच.
दांड्यापुरतंही उरलं नाही हो हे.
हॅस्किटनी दोन्ही तुकडे घेतले,
कोटाच्या खिशात घातले
आणि थँक यू म्हणाले.

दुपारी उरलं फक्त खोड, तीन पुरुष उंच.
विंचचा दोर ताणून झाला होता.
प्रॉबर्टनं करवत माझ्यापुढे धरली.
हे तुझं.

चिपळूणला आमची लाकडाची वखार होती.
बाबांचा डावा हात मी पहिल्यापासून
तीन बोटांचाच पाहिला.
फिरत्या पात्यावर सागाची फळी सरकवताना
कुणीतरी हाक मारली होती, एवढंच.
कुणी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आधी मागची वाट साफ केली, तिरकी,
पळायची.
वाट आधी, घाव नंतर.
मग पुढून खाच,
कलिंगडाची फोड काढावी तशी.
मग मागून काप, जरा वरच्या अंगाला,
पाचर ठोकत, थांबत, ऐकत.
आणि मध्ये एक पट्टी सोडायची.
मेलेल्याला जाडच ठेव, प्रॉबर्टनं बजावलं होतं,
वाळलेली वाकत नाही.
ती कापायची नाही. हात शिवशिवतात,
तरी नाही.
तिलाच बिजागरी म्हणतो आम्ही.
झाड पडतं ते कापलेल्यामुळे;
कुठे पडतं, ते या न कापलेल्यामुळे.

कर्र.
साखळीचा ब्रेक. मागे सरकले, पाठ न फिरवता.
आवाज कानांआधी पायांतून वर आला.
कुत्रा एकदाच भुंकला.
समोरच्या स्वयंपाकघरात
कित्येक वर्षांनी ऊन शिरलं असावं;
आतल्या बाईनं कपाळाशी हात नेला
आणि पडदा ओढून घेतला.

व्हॅनमध्ये बसून फोन लावला.
तिकडे रात्र, बाबा जागेच.
कुठलं झाड, केवढं, काही विचारत नाहीत ते.
फक्त, किती?
मी हातमोजे काढून खरंच मोजते,
चिकट, भुशानं माखलेली.
दहा, म्हणते.
बरं, म्हणतात. जेव आता.