पाणी कुठवर

महापालिकेने दिलेला नकाशा
मळ्यातल्या गल्लीत उघडला, तेव्हा
त्यावर नाला पट्टी लावून आखल्यासारखा सरळ होता.
खरा नाला आवेलिना काब्रालच्या रांधणीमागे
कोपर काढून वळतो
आणि दर आषाढात तिथेच तुंबतो.

पाणी कुठवर आलं होतं?
माझ्या छापील फॉर्मवरचा तिसरा प्रश्न.
आवेलिना सांगत नाही, दाखवते.
सांत आंतोनच्या कोनाड्याखाली एक तपकिरी रेघ.
तिच्यावर तीनदा चुना मारला,
तीनदा वर आली.
नवऱ्याचं व्हायोलिन पलंगाखाली होतं, ती म्हणते,
सकाळी पेटी उघडली तर आत एक मासा, जिवंत.
मी टेप लावते. त्र्याण्णव सेंटिमीटर.
"लिही, पण रात्री दोन वाजता
याहून जास्त होतं."

सगुण कांदोळकर फॉर्म हातात घेत नाही.
त्याचा बाप खाडीच्या मानशीवर असायचा,
भरतीला फळ्या घालायचा, ओहोटीला काढायचा,
घड्याळ नव्हतं, चंद्र होता.
आता तिथे सिमेंटचा पाइप आहे,
त्यात एक चप्पल अडकलीय, कुणाची कोण जाणे.
"बाय, तुझ्या नकाशात भरती खंय?"

नाही.
नकाशात पाऊस आहे, वेगवेगळ्या निळ्यात,
पंचवीस वर्षांतला, पन्नास वर्षांतला, शंभरातला.
पण असा पाऊस आणि अमावास्येची भरती
एकाच रात्री दारात भेटली तर,
तो रकाना आम्ही पाडलाच नव्हता.
कागदाच्या कडेला मी लिहिते: अमास. पुनव.
सगुण हसतो. "आणि मळा म्हणजे काय गो?
भाट म्हणजे? खाजन म्हणजे?
आजोबांनी नावं ठेवून सांगितलं होतं सगळं.
तुम्ही नावं तेवढी ठेवलीत,
वर स्लॅब घातली."

कुंपणापलीकडे पत्र्याची एकोणीस घरं.
नकाशावर तिथे हिरवा रंग,
सूचीत लिहिलंय: मोकळी जागा.
मोकळ्या जागेत नीलव्वा भाकरी थापत होती.
पाणी कुठवर आलं होतं, मी विचारलं.
तिने पिठाचे हात डोक्यावर नेले
आणि तसेच धरून ठेवले,
त्यांत तान्हं पोर असल्यासारखे.
त्या हातांखाली मी टेप सोडला, जमिनीपर्यंत.
आकडा वाचला. लिहिला नाही.
कारण तोवर तिने विचारलं होतं:
खूण केलीस की होडी येणार
का जेसीबी?

सोमवारी सभागृहात पंखे फिरत होते.
नकाशाच्या चार कोपऱ्यांवर चार पाण्याच्या बाटल्या.
नगरसेवक म्हणाले, काम छान आहे,
फक्त हा लाल जरा जास्त वाटतो,
गुलाबी करता येईल का?
जागेचे भाव आहेत, पर्यटक आहेत,
डिसेंबरात फेस्त आहे.
कुणीतरी म्हणालं, खाडी काढायला
टेंडर निघालंच आहे.
कुणीतरी म्हणालं, चहा.

मी लाल लालच ठेवला.
नाल्याला त्याचं कोपर परत दिलं.
भरतीसाठी कडेला एक पट्टी जोडली,
सगुणचा फोन नंबर तिच्यात लिहिला,
म्हणजे नियमात बसत नाही, पण लिहिला.

राहिला हिरवा तुकडा.
त्यावर एकोणीस ठिपके द्यायचे आहेत.
शाईने दिले तर कायमचे,
न दिले तर त्या रात्री
होडीवाला नकाशा बघून पुढे निघून जाईल.
होडीला दिसेल, जेसीबीला दिसणार नाही,
इतपत फिकट लिहिणारी पेन्सिल
पणजीच्या कुठल्याच दुकानात मिळत नाही.
तीन दुकानं पाहिली.

तूर्तास एचबी वापरतेय.
टोक करते, एक ठिपका देते,
थांबते, पुन्हा टोक करते.
आज पंचांगात चतुर्दशी आहे.