फला

रामबागेतली शाळा, शनिवार. मुलं घरी गेल्यावर
आम्ही सतराजणी बाकांवर बसलो,
गुडघे आडवे करून.
शिकवायला शार्दूल पानसे,
माझाच. सातवी ब, पाढ्यात कच्चा.

"बाई, नुसतं बोला. बोर्ड आपोआप लिहील."
म्हटलं, फळा.
त्यानं लिहिलं, फला.
शाळा. शाला.
बाळ. बाल.
टेंबेबाई मागे फिसकन हसल्या.

बोर्डाला काय बोलायचं!
इंदूरच्या हवेत हे अक्षर टिकतच नाही;
पोहे घेताना मीही हिंदीतच भाव विचारते.
तीस वर्षं पोरांच्या तोंडापुढे
आरसा धरत आले: जीभ मागे,
अजून मागे, टाळूला लाव, सोड.

शार्दूल यादीत खाली खाली गेला,
तमिळच्याही वर एकदा जाऊन आला,
मराठी सापडली.
फळा, मी म्हटलं.
फळा, आलं. पांढरं, ठसठशीत,
खडूची भुकटी न सांडता.
डोळ्यांत काहीतरी गेलं तरीही.

"बघा, किती सोपं," म्हणत
तो स्वतः माइकपाशी वाकला:
"फला."
बोर्डानं इमानदारीत लिहिलं, फला.

मी पर्स उघडली.
आरसा अजून आहे, कडेला तडकलेला.
"जीभ मागे," म्हटलं,
आणि प्रशिक्षण सुरू झालं.