कणकण

तेविसाव्या दिवशी भट्टीतली शेवटची राख थंडावली
आणि मी अंगणात गोणपाट अंथरून बसले.
एक बादली, एक वाडगा, एक बोथट सुरी.
आई म्हणाली, पुरून टाक सगळी, शफीका,
मेल्याच्या घरात डोकावू नये.
बाबा काहीच म्हणाले नाहीत.
कालव्याकडे तोंड करून खोकत होते.

अकराशे अंडी होती,
तांताच्या रस्त्यावरल्या गावांतून बायकांनी
भुशात घालून आणलेली.
तिनांमागे दोन पिल्लं, हा आमच्या घराचा शब्द.
या खेपेला चिवचिवली एकशे चार.
बाकीची तशीच, गुळगुळीत,
जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्याची.

पहिलं फोडलं. नुसता बलक.
इथं कधी कुणी आलंच नव्हतं.
दोष कोंबड्याचा, नाहीतर त्याच्या वयाचा.
अशी साठेक निघाली.

मग रक्ताचं कडं, बारीक, अंगठीएवढं.
तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणी यायला निघालं
आणि उंबऱ्यावरूनच परत फिरलं.
ही उम्म हिंदावीची टोपली,
गाढवावर, भर उन्हात, खड्डे मोजत आलेली.

मग एक पुरतं पिल्लू,
मान डाव्या पंखाखाली.
उजव्याखाली हवी, चोच वरच्या पोकळीकडे.
एवढीशी चूक,
आणि ते दार सोडून भिंतीलाच धडका देत राहिलं.
कोपऱ्यातली ती ओळ फिरवायचं काम माझं होतं.
दोन रात्री मला झोप लागली होती.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पण पुढची सगळी
एकाच वयाची.
अंगावर ओली लव, नखं उमटलेली,
डोळे मिटलेले, बलक अजून पोटाबाहेर.
चाळीस फोडली. ऐंशी फोडली.
एका दिवसाचाही फरक नाही.
एरवी मरण असं तारीख ठरवून येत नाही.

बोटांवर मागे मोजत गेले.
चौदावा दिवस. मंगळवार.
मंगळवारी रात्री बाबांच्या अंगात कणकण होती.
थंडी वाजतेय म्हणत, कांबळं लपेटून
ते मातीच्या भोकातून सरपटत आत शिरले होते.

आमच्याकडे थर्मामीटर नाही.
अंडं उचलायचं, मिटल्या पापणीवर टेकवायचं.
पापणी म्हणेल ते खरं.
आजोबांची पापणी अशी की म्हणे
जत्रेतल्या लोकांचा ताप लांबून सांगायची.

त्या रात्री अंडी ठीकच होती.
तापली होती ती पापणी.
तिला प्रत्येक अंडं गार लागलं,
आणि बाबा, जिवाच्या मायेनं,
शेणी सारत गेले, फुंकर घालत गेले,
छताचं भोक चिंधीनं बुजवलं.
पहाटेपर्यंत तीनदा.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, काय निघालं?
मी म्हणाले, कोंबडा म्हातारा होता.
त्यांनी एक न फोडलेलं अंडं उचललं,
आपल्या पापणीला लावलं, मग माझ्या.
"कसं आहे?"
"गार."
"मलाही गारच," ते म्हणाले. "आज."

सात अंड्यांना कारण सापडलं नाही.
आत सगळं जागच्या जागी, मान उजवीकडे,
कवचाला एक बारीकशी टोच,
आणि तिथंच थांबलेलं.
ती मी वेगळी पुरली, बरसीमच्या बांधाला.

आता प्रत्येक अंडं दोन पापण्यांना लागतं,
आधी त्यांच्या, मग माझ्या.
वेळ दुप्पट जातो.
आई कुरकुरते, दिव्याला तेल किती लागतं म्हणून,
आणि स्वतःच भरून आणून ठेवते.