विशेषण

मधल्या सुट्टीनंतरचा तास, नववी ब, विटे.
फळ्यावर लिहिलं: नोटोरियस.
खाली अर्थ: कुप्रसिद्ध.
जरा थांबून, कुख्यात.
दोन्हींत फरक काय, मलाही नीट सांगता आला नसता.

म्हटलं, हा आणि प्रसिद्ध, सख्खे भाऊ.
एकाचा फोटो बॅनरवर,
एकाचा चौकीच्या भिंतीला.
'म्हंजे नामचीन, सर?'
'हो. पण नामचीन डॉक्टर म्हणून बघ.'
वर्ग हसला.
मग अट्टल आला, सराईत आला, छटेल, बदनाम,
बाकाबाकावरून शब्द उड्या मारत आले.
चांगल्यासाठी विचारले असते
तर एवढे निघाले नसते.

निम्म्या वर्गाचे बाप गलाईला,
कोइमतूर, त्रिचूर, कुठे कुठे,
दुसऱ्यांचं सोनं शुद्ध करून देतात.
त्यातला हर्षद म्हणाला,
'सर, सोन्याला लागतो का हा शब्द?'
सोन्याला नाही. माणसाला लागतो, गावाला लागतो,
घाटातल्या एखाद्या वळणालासुद्धा.

चांदणी काळे हात वर न करताच उठली.
माळावरच्या वस्तीतली.
गावात सायकल हरवली
तरी जीप आधी तिकडं जाते.
'फेमस व्हायला कायतरी करावं लागतंय न्हवं, सर?'
'हो.'
'आन् ह्ये व्हायला?'

मी खडू बोटांत फिरवत राहिलो.
आपल्यात नाव ठेवतात पाळण्यात,
कानात कुर्र करून.
नावं ठेवतात नंतर, जन्मभर.
मधे फक्त एक अनुस्वार.
व्याकरणात त्याला अनेकवचन म्हणतात,
एवढं सांगता आलं असतं.
तेही सांगितलं नाही.
म्हटलं, बस खाली, वही काढा.

घटक चाचणीत विचारलं:
वाक्यात उपयोग करा. गुण एक.
चाळीस पेपरांत एकच चोर पकडला गेला,
गाईडातला,
त्याच इन्स्पेक्टरनं, त्याच रात्री.
चांदणीनं दोन वाक्यं लिहिली होती.
आमची वस्ती नोटोरियस आहे.
आम्ही रात्री दार उघडं टाकून झोपतो.

स्पेलिंग बिनचूक. विशेषण जागच्या जागी.
गुण दिला.
दुसऱ्या वाक्याला गुणच नव्हता,
तिथं नुसतं पेन टेकलं गेलं माझं,
किती वेळ, कुणास ठाऊक.

पेपर वाटले त्या दिवशी
ती टेबलापाशी आली,
त्या लाल ठिपक्यावर बोट ठेवून:
'हितं काय चुकलं, सर?'