पाठची

दार मी धरलंय, ओतिया. तू झोप.
खाली गाई रवंथ करताहेत, चूल विझत आलीय,
आणि बर्फाचा दैत्य बुरुजाला कान लावून
नऊ तोंडांनी तुझं नाव पुटपुटतोय.
ज्याचं नाव कळतं तो त्याला सापडतो, म्हणतात.
माझं त्याला ठाऊक नाही.
या खोऱ्यात कुणालाच नाही:
मी ओतियाची पाठची.

बाबा गेले त्या हिवाळ्यात
तलवारीला दोन हात लागले.
माझा आधी. तू म्हणालास, एकदमच.
आईने दोघांच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवला,
उजाडेपर्यंत ज्याचा टिकेल त्याची तलवार.
मी रात्रभर लाळसुद्धा गिळली नाही.
तू सकाळी खिशातून नवा खडा काढलास.
आईने पाहिलं,
आणि शेळ्या सोडायला गेली.

मग एन्गुरीवरचा तो दोर.
दैत्याने पूल खाल्ला होता,
तू खाली लोंबत होतास
आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला.
मी लगेच ओढलं नाही.
तव्यावरची भाकरी उलटायला लागतो, तेवढाच वेळ.
तेवढ्यात मी अख्खं राज्य करून पाहिलं:
तलवार घेतली, वरच्या गावाचा कर माफ केला,
नाझीब्रोला म्हातारीची गाय तिला परत दिली,
चाळीस दिवस तुझ्यासाठी काळं नेसले,
रडलेही, अगदी मनापासून.
मग ओढलं.
तू वर आलास, तळहात सोललेले,
माझ्याकडे बघत राहिलास.
"जड झालोय ना मी?" एवढंच म्हणालास.

तेव्हापासून तुझ्या दारात फक्त मी.
सगळ्यांची दारू आधी कुत्र्याला,
माझ्या हातची तू तशीच पितोस.
हा विश्वास की शिक्षा, मला अजून ठरवता येत नाही.
पाठीत वार करायचा तर मीच सगळ्यांत जवळ,
पाठ राखायची तरी मीच.
उभं राहायची जागा एकच आहे.

उश्बाला दोन शिखरं. लहानपणी तू म्हणायचास, उंच ते माझं.
मी म्हणायचे, ढगात कसं कळतं?

आज मध्यरात्री पुटपुटणं थांबलं.
दैत्याने फटीतून विचारलं,
"दार कोण धरलंय?"
असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.
मी सांगितलं. ग्वांत्सा.
खोटं कशाला बोलू,
थोडं तुझ्यासाठी सांगितलं,
आणि पुष्कळसं
कुणीतरी विचारलं म्हणून.

आता नऊ तोंडं तेच घोकताहेत.
ऐकायला बरं वाटतंय, ओतिया.
तू झोप.